म्यूटवर गायलेलं भजन

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ६८, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सांगलीच्या गावभागात ३५ वर्षं काढली. पती गेल्यानंतर, दोन वर्षांपूर्वी, मुलगा आणि सून त्यांना पुण्याला घेऊन आले. आता हिंजवडीच्या बाजूला ११व्या मजल्यावर राहतात. सांगलीचं त्यांचं भजनी मंडळ दर गुरुवारी चार वाजता एका मैत्रिणीकडे बसतं, तेव्हा पेटीशेजारी एक मोबाइल उभा करतात आणि या पुण्याहून झूमवर हजर होतात. आवाज मागेपुढे होतो म्हणून त्यांना म्यूट राहायला सांगितलेलं आहे. रोज सकाळी नागपूरच्या धाकट्या बहिणीबरोबर फोनवर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतात. शिवाय ९ व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. मुलगा म्हणतो, "आई, दिवसभर खोलीत एकटी असतेस. फोनवर बोलणं म्हणजे माणसांत असणं नव्हे. खाली ज्येष्ठांचा कट्टा आहे, तिथे जात जा." त्या तीनदा गेल्या, मन रमलं नाही. त्यांचा प्रश्न असा: "मी माणसांत आहे की एकटी आहे? हे सगळं खरं धरायचं, की मी स्वतःची समजूत घालतेय?"

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटी आहे, पण मी अडकले मधल्याच एका ओळीत. तुम्ही लिहिलंय, ‘मला म्यूट केलेलं असतं, तरी मी मोकळ्या आवाजात गाते. नातवाचा क्लास चालू असला तरच हळू.’ जिला ऐकणारं कोणी नाही हे माहीत आहे, तरी जिचा सूर खाली येत नाही, ती बाई स्वतःची समजूत घालत नाही. एवढं मी तुम्हाला लगेच सांगून टाकते. पुढचं मात्र इतकं सोपं नाही. त्यात मुलाला थोडं टोकणार आहे आणि तुम्हालाही.

आधी मुलगा. आठवड्यातले तीन दिवस तो घरून काम करतो, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. म्हणजे दार लावून, कानाला हेडफोन लावून, तोही तासन्‌तास खोलीत एकटाच असतो. आणि रात्री जेवताना सांगतो, "आज क्लायंटला भेटलो." भेटलो! त्या भेटीतून कामं मिळतात, वाद होतात, पगार ठरतात. तिला कुणी खोटी म्हणत नाही. मग आईनं त्याच पडद्यासमोर गौळण म्हटली की ती एकटी कशी झाली, हे त्याला विचारायला हरकत नाही.

पण भांडणाच्या सुरात विचारू नका. कारण त्याच्या बोलण्यात फोनबद्दलचं मत थोडं आणि काळजी जास्त, असा माझा अंदाज आहे. त्यानं तुम्हाला तुमच्या गल्लीतून उचलून ११व्या मजल्यावर आणलं. तुमच्या खोलीचं दार लोटलेलं दिसलं की ‘आईला आपण इथे आणून एकटं पाडलं’ असं त्याच्या मनात येत असणार. तुम्ही कट्ट्यावर चार बायकांत हसताना दिसलात तर त्याची ती टोचणी कमी होईल. ही टोचणी त्याची आहे, ती घालवायला तुम्ही रोज खाली जाऊन बसायचं कारण नाही. एखाद्या गुरुवारी त्याला शेजारी बसवून घ्या. तिकडे कोण कुणाला काय म्हणतं, तुमच्या नावाची हाक कशी येते, हे त्यानं पाहिलेलंच नाही.

दूर असलेल्या माणसांशी नातं राखणं ही काही मोबाइलनं काढलेली टूम नाही. आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १८७९ साली. सासरी दिलेल्या किती मुलींचं माहेर वर्षातले अकरा महिने एका निळ्या आंतर्देशीय पत्रात मावत होतं. ज्यांना लिहिता येत नसे त्या शेजारच्या शिकलेल्या पोराला बसवून लिहून घेत, त्यामुळे सासूविषयीचं सगळं गाळावं लागे आणि आई ते गाळलेलंच बरोबर वाचत असे. माझे एक मामा मालवणहून नागपूरच्या एका गृहस्थांशी पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळत. एका कार्डात एक चाल. एक डाव दीड-दोन वर्षं चाले. पुढे ते दोघं एका लग्नात प्रत्यक्ष भेटले, तर काय बोलावं हेच दोघांना सुचेना. शेवटी कुणाच्या तरी पोराकडून पट मागवला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. त्या दोघांना मैत्री नव्हती, असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

तेव्हा साधन कोणतं, हा प्रश्न मला फार कामाचा वाटत नाही. त्या साधनातून काय जातं आणि काय जात नाही, हे पाहू.

आवाज जातो, आणि तो आपण समजतो त्याहून जास्त काही घेऊन जातो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात २०१० साली एक प्रयोग झाला. ७ ते १२ वर्षांच्या मुलींना अनोळखी मोठ्या माणसांसमोर उभं करून बोलायला लावलं, गणितं घातली. साहजिकच त्या घाबरल्या. मग काही जणींना आईनं येऊन जवळ घेतलं, काही जणींना आईचा नुसता फोन आला, काही जणींना दोन्ही नाही. फोनवर आईचा आवाज ऐकलेल्या मुली जवळ घेतलेल्या मुलींइतक्याच शांत झाल्या. अंगातलं तणावाचं रसायन उतरलं, मायेचं चढलं. दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी आणखी एक गट घेतला. या वेळी आईनं तेच धीराचे शब्द टाइप करून पाठवले. त्या मुलींना, आईशी बोलणंच न झालेल्या मुलींइतकाच आराम पडला, म्हणजे जवळजवळ नाहीच. मुली लहान होत्या आणि आई ती आईच, हे खरं. ६८व्या वर्षी सगळं तसंच होतं असा दावा मी करणार नाही. पण बहिणीचा फोन ठेवल्यावर तुम्हाला जे हलकं वाटतं ते नुसतं मनाचं नाही, एवढं यावरून धरायला हरकत नाही.

आणि त्या शब्दकोड्याला तर मी शंभरपैकी शंभर देईन. बोलायला विषय नसला तरी ‘उभा सहा, चार अक्षरी, शेवटी ळ’ एवढ्यावर अर्धा तास दोघी एका जागी असता. शाळा संपवून पांगलेल्या इंग्लंडमधल्या मुलामुलींचा संशोधकांनी १८ महिने माग काढला होता. मुलींच्या मैत्र्या बोलण्यानं टिकल्या, फोनवरच्याही. मुलग्यांच्या मात्र काहीतरी मिळून केल्यानं. पत्रं लिहिणाऱ्या निवृत्त पुरुषांना मी म्हणूनच सांगत असते: जुन्या ऑफिसातल्या मित्राला ‘काय चाललंय’ विचारून पुढे काही होणार नाही. त्याच्याशी मोबाइलवर बुद्धिबळ लावा, नाहीतर मॅच चालू असताना फोन जोडून ठेवा आणि दोघं मिळून निवड समितीला नावं ठेवा.

आता तुमचे ९ ग्रुप. इथे मी मुलाच्या बाजूला थोडी सरकते.

मॅलिनोव्स्की नावाच्या मानवशास्त्रज्ञानं १९२३ साली एक गोष्ट नोंदवली. माणसांचं पुष्कळसं बोलणं माहिती देण्यासाठी नसतंच. ‘मी इथे आहे, तूही आहेस ना’ एवढंच त्यातून विचारायचं असतं. आपलं ‘जेवलात का?’ त्यातलंच. विचारणाऱ्याला भाजी कोणती होती हे नको असतं. सकाळी सहाला येणारं गुलाबाचं फूल आणि खाली सुविचार हेही तसंच, गल्लीतून जाताना हात वर केल्यासारखं. मी त्याला हसत नाही. एखाद्या दिवशी फूल आलं नाही म्हणून फोन केला आणि पलीकडे बाई पडलेल्या सापडल्या, हे माझ्याच ओळखीत घडलंय. पण हात वर करणं म्हणजे ओट्यावर बसून बोलणं नव्हे. तुम्ही लिहिता, दुपारचे दोन तास ‘ग्रुप वाचण्यात’ जातात. ताई, ते वाचन झालं. त्यात तुमच्या नावानं आलेलं किती असतं? आठवडाभर एवढंच बघा: कोणत्या ग्रुपात कुणीतरी तुम्हाला नावानं हाक मारली, तुम्हाला काही विचारलं. जिथे महिनाभर तुमचं नाव निघत नाही त्याची घंटी बंद करा. सोडू नका, सोडल्यावर उगाच चर्चा होते. आणि वाचलेले दोन तास कुणाला तरी थेट फोन लावण्यात घाला. टाइप करायचा कंटाळा आणि फोन लावायचा संकोच, अशा दोन्हींच्या मध्ये व्हॉइस मेसेज आहे, तोही बरा.

तुमच्या गुरुवारबद्दल बोलू. मला वाटतं, तुमच्या मनातली खरी सल तिथे आहे आणि तुम्ही ती मुलाच्या तोंडी घातली आहे. पुण्याहून निघालेला आवाज सांगलीला पोचायला क्षणाचा काही भाग जास्त लागतो. गप्पांत ते कळतही नाही, पण टाळाला लगेच कळतं. तुम्ही त्यांच्या ठेक्यावर गाता, तो ठेका तुमच्यापर्यंत उशिरा आलेला असतो आणि तुमचं गाणं तिकडे आणखी उशिरा जातं. त्यात या ॲपमध्ये गोंगाट गाळण्याची जी सोय असते ती टाळालाच गोंगाट समजते आणि पेटीचा सूर मधूनच गिळते. म्हणून तुम्हाला म्यूट केलं. त्यात कुणाचा दुष्टावा नाही. पण परिणाम असा की ज्या मंडळात तुम्ही ३० वर्षं गायलात तिथे आता तुम्ही श्रोत्या आहात.

यावर दोन गोष्टी करता येतील. एक, झूमच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाचं बटण असतं. ते दोन्हीकडच्या फोनवर नातवाकडून किंवा कुणाच्या तरी भाच्याकडून चालू करून घ्या; पेटी पेटीसारखी ऐकू येईल. दुसरी जास्त महत्त्वाची. दर गुरुवारी एक अभंग तुमच्याकडे मागून घ्या, आणि तो असा निवडा की एकीनं ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. त्यात उशीर झाला तरी तो मधल्या श्वासासारखा वाटतो, ठेका मोडत नाही. तुमची ओळ तिकडे पोचली की त्या त्यांच्या टाळावर उचलतील. तुम्ही फक्त त्यांची ओळ पूर्ण येईपर्यंत थांबायचं. फुकटातलं झूम ४० मिनिटांनी बंद पडतं, तेव्हा तुमचा अभंग पहिल्या ४० मिनिटांत घ्यायला सांगा. शेवटी ठेवला तर दुसरी लिंक पाठवेपर्यंत चहा येतो आणि मग पुण्याची आठवण कुणालाच राहत नाही.

एवढं केलंत तरी एक गोष्ट उरते, आणि ती कोणत्याही बटणानं होणार नाही. ऑगस्ट २०१९च्या पुरात कृष्णा गावभागात शिरली तेव्हा मंडळातल्या दोघींनी तुमची पेटी आणि धान्याचे डबे माडीवर चढवले, असं तुम्ही लिहिलंय. त्या दोघी आजही तुमच्यासाठी तसंच धावतील. पण त्या सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर आहेत. परवा गुडघा आखडून तुम्ही न्हाणीघरात बसून राहिलात तेव्हा मुलगा ऑफिसात, सून माहेरी. तुम्ही बहिणीला फोन केलात. नागपूरची बहीण फोनवर रडली, दुसरं काय करणार? तुमच्याच मजल्यावर आणखी तीन दारं आहेत. त्यांतल्या एकाही घराचा नंबर तुमच्याकडे नव्हता. मुलाला नीट शब्दात सांगता आलं नसेल, पण त्याची भीती या ठिकाणी रास्त आहे.

तुमची सांगलीची माणसं फोनवर टिकली, कारण ती फोनवर जमवलेली नव्हती. कितीही दूध असलं तरी विरजण लावल्याशिवाय दही लागत नाही. तुमचं विरजण ३० वर्षांच्या गुरुवारांचं आहे. म्हणून आज नुसत्या आवाजावर सगळं लागतं. इंटरनेट घराघरांत नवं होतं तेव्हा पिट्सबर्गमधल्या ७३ घरांतल्या १६९ माणसांना संशोधकांनी संगणक आणि जोडणी दिली. १९९८ साली त्यांनी जाहीर केलं की जास्त वापरणारे थोडे जास्त एकटे पडले. मोठी खळबळ उडाली. चारच वर्षांनी त्यांनीच लिहिलं की त्या लोकांमधला तो परिणाम बहुतेक विरला, आणि नव्यानं पाहिलेल्या लोकांत असं दिसलं की ज्यांना आधीच माणसं होती, बोलायची आवड होती, त्यांना इंटरनेटनं आणखी दिलं. ज्यांना नव्हती त्यांच्या वाट्याला तसं आलं नाही. सांगलीच्या बाबतीत तुम्ही पहिल्या गटात आहात. हिंजवडीच्या बाबतीत दुसऱ्या.

तेव्हा कट्टा. तिथे सगळ्या हिंदीत बोलतात आणि वाक्य मनात जुळवून होईपर्यंत विषय बदललेला असतो, हे तुमचं गाऱ्हाणं मला पटलं. आयुष्यभर मुलांचं व्याकरण तपासलेल्या बाईला ते जड जाणारच. पण तीन खेपांवरून निकाल देऊ नका. इंग्लंडमध्येच मोठ्या माणसांच्या वर्गांचा एक अभ्यास झाला. कुणी गाण्याच्या वर्गात, कुणी हस्तकलेच्या, कुणी लेखनाच्या. गाणाऱ्यांची गट्टी पहिल्याच महिन्यात जमली. बाकीच्यांची हळूहळू जमली, पण सात महिन्यांनी सगळे वर्ग सारखेच जवळ आलेले होते. सात महिने म्हणजे तीस आठवडे. तुम्ही तीन दिवस दिलेत.

कट्ट्यावर सगळ्यांशी मैत्री व्हायची गरजही नाही. ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली दाखवलं की माणसाला नोकरीची खबर बहुधा जिवलगाकडून नव्हे, जेमतेम ओळखीच्या माणसाकडून मिळते. तुम्हाला नोकरी नको, पण घरी येणारा फिजिओथेरपिस्ट कोण, दुपारी उघडं असणारं औषधाचं दुकान कुठलं, हे असंच कळतं. भाजीवाल्याशी दोन वाक्यं, वॉचमनच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी, लिफ्टमध्ये भेटणाऱ्याला नाव विचारणं. सांगलीत हे तुम्ही न ठरवता करत होतात. इथे काही दिवस ठरवून करावं लागेल, आणि ते थोडं नाटकी वाटेल. वाटू द्या. पहिली गोष्ट मात्र या आठवड्यातच: मजल्यावरच्या तीनपैकी एका घरी किल्लीचा एक जोड आणि तुमचा नंबर द्या. ही गोष्ट मुलावर सोपवू नका, स्वतः दार वाजवा.

इतर वाचकांनी हे वाचून लगेच आपल्या आईचा फोन काढून घेऊ नये. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे म्हणून ज्यांना दार ओलांडता येत नाही, ज्यांना ऐकू कमी येतं आणि चार माणसांच्या गलक्यात काहीच कळत नाही, त्यांच्यासाठी हा पडदा म्हणजेच ओटा. त्यांना ‘खऱ्या माणसांत जा’ म्हणणं हे पायानं अधू माणसाला जिना दाखवण्यासारखं आहे. तुमची गोष्ट तशी नाही, ताई. तुमचा गुडघा दुखतो, पण लिफ्ट आहे.

सांगलीला जाणंही चालू ठेवा. वर्षातून एकदा नव्हे, तीन महिन्यांतून एकदा, आणि नेमका गुरुवार धरून. एसटीत मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पण पाच-सहा तासांत स्वच्छतागृहाची पंचाईत होते आणि गुडघा वाकवून बसावं लागतं, म्हणून मी तुमच्या जागी असते तर दिवसाची कोयना एक्सप्रेस धरली असती. विरजण मधूनमधून ताजं करावं लागतं. तिकडे गेलात की मोबाइल पेटीशेजारी ठेवू नका, स्वतः बसा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत लिहून सोडून दिली आहे. ‘चौथ्या मजल्यावर इंदूरच्या एक आजी आहेत, जुन्या वळणाचं मराठी बोलतात, पण फारशा खाली येत नाहीत.’ होळकरांच्या वेळेपासून तिकडे मराठी घरं आहेत. त्यांचं मराठी ऐकायला फार गोड लागतं, त्यात ‘आम्ही जाऊन राहिलो होतो’ असं अचानक हिंदी वळण येतं आणि मग आपलंही तसंच व्हायला लागतं. त्या खाली येत नाहीत आणि तुमचं खाली मन रमत नाही, मग कट्टा हवाच कशाला? सांगलीहून कुणी आलं की भडंगाचा एक पुडा जास्तीचा मागवा आणि चौथ्या मजल्यावर जा. गुडघ्याची चौकशी त्या करतील, कारण त्यांचाही दुखत असणार. मग एखाद्या गुरुवारी चारला त्यांना वर बोलवा. झूमवर तुम्ही म्यूट असाल, पण खोलीत ऐकणारं कुणीतरी असेल. आणि त्यांना टाळ धरता येत असेल, तर तो तरी ठेक्यावर पडेल.